एक सूत

“वसूल झालं का रे तुझं मशीन?”

दर रविवारी सकाळी चहाच्या कपाबरोबर बाबांचा हा प्रश्न येतो. त्यात टोमणा नसतो, हे आधीच सांगतो. आयुष्यभर घरखर्चाची वही लिहिलेला माणूस आहे. घरात आलेली प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी कधी ना कधी ‘वसूल’ होते. मिक्सर दोन वर्षांत वसूल झाला, इन्व्हर्टर एका पावसाळ्यात झाला. माझा टेबल सॉ मात्र त्यांच्या वहीत अजून लटकलेला आहे.

ज्यांनी हा प्राणी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबल सॉ म्हणजे टीपॉयएवढं टेबल, मधोमध एक फट आणि त्या फटीतून वर आलेलं गरगर फिरणारं गोल पातं. हातकरवतीत लाकूड जागेवर असतं आणि करवत हलते. इथे करवत जागेवर आणि लाकूड आपण ढकलायचं. पात्याला समांतर अशी एक सरकती पट्टी असते, तिला फेन्स म्हणतात. तिला टेकवून लाकूड पुढे सरकवलं की उभा काप मिळतो. आडव्या आणि तिरक्या कापांसाठी टेबलात एक लांब खाच असते, तिच्यातून माइटर गेज सरकतं. बस्स, एवढंच. कारखान्यातले टेबल सॉ बिडाचे, दोन-अडीचशे किलोचे असतात. माझा अ‍ॅल्युमिनियमचा, एकट्याने उचलून पडवीत ठेवता येतो. पातं दहा इंची, मोटर सिंगल फेजवर चालणारी, आणि आवाज असा की पहिल्या दिवशी शेजारच्या काकू “बोअरिंग मारताय का?” विचारायला आल्या होत्या.

आता हे खूळ डोक्यात शिरलं कसं, तर २०२३ साली आमचं निर्मळचं जुनं घर उतरवलं. मंगलोरी कौलं, मातीच्या भिंती, ओटीवर झोपाळा असलेलं घर. भिंतींना ओल धरली होती, एक कोपरा खचला होता, दुसरा इलाज नव्हता. जुन्या लाकडाचा व्यापारी आला, वासे-खांब-दरवाजे बघून एकरकमी भाव सांगून मोकळा झाला. आजी काही बोलली नाही. फक्त संध्याकाळी म्हणाली, “ओटीवरची तुळई ठेवा.” का, ते तिने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. एकाऐवजी दोन तुळया ठेवल्या. अस्सल सागवान. वर धूर आणि काजळीचा थर, पण जरा खरवडलं की आतून मधासारखा रंग.

दोन वर्षं त्या तुळया ताडपत्रीखाली पडून होत्या. मग मला वाटलं, आजीसाठी देवघर करावं. आमच्याकडे कार्तिक वद्य एकादशीला शंकराचार्यांच्या मंदिराची यात्रा सुरू होते. सगळे नातेवाईक येतात, आजी त्यांच्यासाठी आठवडाभर आधीपासून घर आवरत असते. म्हटलं, यात्रेच्या आत देवघर उभं. सुताराला सांगितलं असतं तर सहा हजार मजुरीत काम झालं असतं. पण इंजिनीअर माणूस, शनिवार-रविवार मोकळे, आणि यूट्यूबवर सगळे लोक अर्ध्या तासात कपाट बनवतात... घेतला टेबल सॉ. चौतीस हजार.

पहिला शनिवार प्लायवूडच्या तुकड्यांवर गेला. खऱ्या लाकडाला हात लावायचा नाही, एवढी अक्कल होती. फोटोची असते तशी साधी चौकट करायची ठरवली. चार पट्ट्या, प्रत्येकीची दोन्ही टोकं ४५ अंशांत कापायची. तीन कोपरे छान जुळले. चौथा कोपरा मात्र असा उघडला की त्यातून पोस्टकार्ड आत टाकता आलं असतं.

माइटर गेजवर काटा बरोब्बर ४५ वर होता. मग? कागद-पेन घेऊन बसलो. चौकटीत एकूण आठ काप. प्रत्येक काप फक्त पाव अंशाने चुकला, तर आठ कापांची मिळून चूक होते दोन अंश, आणि ती सगळीच्या सगळी शेवटच्या कोपऱ्यात जमा होते. चार सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीला दोन अंश म्हणजे जवळपास दीड मिलिमीटरची फट. पाव अंश डोळ्याला दिसत नाही, त्या छापील काट्यावर तर अजिबात नाही. आपल्याकडे कोडमध्येही असंच होतं ना? प्रत्येक ठिकाणी राउंडिंगची चूक नगण्य, आणि महिनाअखेरीस टॅली जुळत नाही.

दुसऱ्या दिवशी उभे काप घेऊन बघितले. लाकडाच्या कडा काळ्या पडत होत्या, जळका वास येत होता. वाटलं, पातं बोथट असेल. जोर लावून ढकललं. अडचण होते म्हणून पात्यावरचं झाकण काढून ठेवलं होतं. त्या झाकणाबरोबर पात्यामागची रायव्हिंग नाइफही निघते. ही पात्यामागे उभी राहणारी, काप मिटू न देणारी पत्र्याची जीभ. काढताना मला ती बिनकामाची वाटली होती.

फट्ट असा आवाज झाला आणि हातातली पट्टी गायब. ती माझ्या कमरेच्या बाजूने जाऊन मागच्या पाण्याच्या पिंपात घुसली होती. पिंप प्लॅस्टिकचं, जाड. आरपार भोक. मी मशीन बंद केलं आणि पायरीवर बसलो. पाणी अंगणभर वाहत होतं आणि मला उठून पिंप आडवं करायचंही सुचत नव्हतं.

नंतर हिशोब केला. दहा इंची पातं मिनिटाला ४८०० फेरे घेतं, म्हणजे त्याचे दात ताशी सुमारे २३० किलोमीटर वेगाने फिरतात. पात्याचे पुढचे दात लाकूड खाली टेबलावर दाबतात, पण मागचे दात खालून वर येत असतात. फेन्स आणि पात्याची मागची बाजू यांच्यात लाकूड चिमटलं की मागचे दात ते उचलून तुमच्याच दिशेने भिरकावतात. याला किकबॅक म्हणतात. अमेरिकेत टेबल सॉने जखमी होऊन इमर्जन्सीत जाणाऱ्यांचा आकडा वर्षाला ३०,००० च्या आसपास सांगतात. तिथल्या स्टीव्ह गॅस नावाच्या गृहस्थाने १९९९ साली यावर एक इलाज शोधला. बोट पात्याला लागलं की शरीरातून जाणाऱ्या विजेच्या सिग्नलने मशीनला ते कळतं, आणि अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून पाच मिलिसेकंदांच्या आत ते थांबवतो. प्रात्यक्षिकाला बोटाऐवजी हॉटडॉग लावतात, त्यावर फक्त ओरखडा उठतो. पण तो ठोकळा किकबॅकवर इलाज नाही, आणि माझ्या चौतीस हजारांत तो नव्हताही. माझ्या चौतीस हजारांत एक झाकण आणि एक पत्र्याची जीभ होती, आणि ती मीच काढून ठेवली होती.

पिंपाची बातमी गल्लीत पसरली आणि संध्याकाळी सुतारकाका आले. आमच्या मागच्या वाडीत राहतात, सत्तरी उलटली आहे. इकडच्या कितीतरी घरांची दारं आणि चर्चचे बाक त्यांच्या हातचे. त्यांनी आधी पिंप पाहिलं, मग मशीन, मग मला. माझी चौकट हातात घेऊन उघडा कोपरा प्रकाशाकडे धरला.

“किती उघडलंय?”

“दीड मिलिमीटर, काका.”

“म्हणजे अर्धा सूत.” ते हसले. “लय हाय.”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. आपले सुतार अजूनही सुतातच बोलतात. “दोन सूत कमी कर”, “अर्धा सूत मार”. मला हे माप फार ढोबळ वाटायचं. पण काकांनी दाखवलं की जाड पातं लाकूड कापताना स्वतःच जवळपास एक सूत लाकूड खातं. माझं पातं थोडं बारीक, २.८ मिलिमीटर खाणारं. रेघेच्या कुठल्या बाजूला पातं ठेवायचं हे ठरवलं नाही, तर तिथेच एक सूत गेला. दहा काप घेतले की एक इंचाहून जास्त लाकूड भुसा होऊन जमिनीवर. प्लायवूडचं काही नाही, पण आजीच्या तुळईला दुसरी तुळई कुठून आणणार?

मग त्यांनी डावा हात पुढे केला. तर्जनीचं वरचं पेर नाही. लहानपणापासून हा हात बघत आलोय, पण कधी विचारलं नव्हतं. “वखारीत,” ते म्हणाले. “लाकूड कापतंय का बोट, मशीनला काय कळतंय? झाकण बसव आधी.”

बसवलं. आणि त्यानंतरचे तीन वीकेंड मी एकही वस्तू बनवली नाही. फक्त मशीन मोजलं.

पहिलं, पातं टेबलावरच्या खाचेला समांतर आहे का. पात्याच्या एका दातावर स्केचपेनने खूण केली. तो दात पुढे आणून खाचेपासूनचं अंतर घेतलं, मग तोच दात फिरवून मागे नेला आणि पुन्हा घेतलं. दात तोच घ्यायचा, नाहीतर पात्याचा बाक मोजमापात मिसळतो. फरक ०.८ मिलिमीटर! काळ्या कडा, जळका वास आणि पिंपातलं भोक, सगळ्यामागे हा पाव सूत होता. टेबलाखालचे बोल्ट सैल करून, लाकडी हातोडीने टिचक्या मारत मारत, डायल गेजवर बघत बघत तो ०.०५ वर आणला. एक अख्खी दुपार गेली. मग फेन्स त्याच खाचेला समांतर केली.

दुसरं, आडवा काप खरंच काटकोनात होतो का. यासाठी एक सुंदर युक्ती आहे, पाच कापांची. चौकोनी फळी घ्यायची, एक बाजू कापायची. मग कापलेली बाजू गेजला टेकवून फळी फिरवायची आणि पुढची बाजू कापायची. असे चार काप झाले की पाचव्या कापाला एक लांब पट्टी काढायची आणि तिच्या दोन्ही टोकांची जाडी मोजायची. प्रत्येक कापाची चूक पुढच्यात मिसळत गेल्यामुळे पाचव्यात ती चौपट होऊन दिसते. माझी पट्टी ४०० मिलिमीटर लांब होती. एका टोकाला जाडी २५.९, दुसऱ्याला २४.३. फरक १.६, भागिले चार, ०.४. म्हणजे मीटरमागे एक मिलिमीटर चूक. गुण्या लावून हे मला कधी दिसलं नसतं. गेज किंचित फिरवलं, पुन्हा पाच काप. तिसऱ्या खेपेला फरक ०.२ वर आला, मीटरमागे चूक एक अष्टमांश मिलिमीटर. मी खुश होऊन काकांना आकडा सांगितला. “बरं,” म्हणाले. त्यांना आकड्यात रस नव्हता.

चौकटीच्या ४५ अंशांवर तर त्यांनी मला निरुत्तरच केलं. मी डिजिटल अँगल मीटर मागवायच्या विचारात होतो. काका म्हणाले, “कशाला?” त्यांनी खाचेतून सरकणाऱ्या एका फळीवर दोन पट्ट्या गुण्याच्या कोपऱ्यासारख्या ठोकल्या, टोक पात्याकडे करून. चौकटीचा एक तुकडा डाव्या पट्टीला टेकवून कापायचा, त्याचा जोडीदार उजव्या पट्टीला टेकवून. त्या दोन पट्ट्यांमध्ये काटकोन असला की झालं. अख्खी फळी थोडी तिरकी बसली, तरी डावीकडचा काप ४५.३ आणि उजवीकडचा ४४.७ होणार. बेरीज नव्वदच! समोरासमोरच्या पट्ट्या सारख्या लांबीच्या हव्यात म्हणून एक ठोकळा ठोकला. पट्टी त्याला टेकली की कापायची, टेपने मोजायचीच नाही. चारही कोपरे बंद. केसही जाणार नाही असे.

तेव्हा मला या छोट्या मशीनची खरी किंमत कळायला लागली. ते अचूक नाही. काटे छापील, पत्रा पातळ, फेन्स नीट आवळली नाही तर सरकणारी. पण ते दर वेळी तेवढंच आणि त्याच बाजूला चुकतं. रोज वेगळी चुकणारी गोष्ट दुरुस्त करता येत नाही. रोज तशीच चुकणारी गोष्ट एकदा मोजली की पुढे तिचं काही वाटत नाही. जो बग दर वेळी त्याच पायरीवर येतो, तो अर्धा सुटलेला असतो, हे आपल्या धंद्यातल्या कुणालाही पटेल. हातकरवत घेतलेला मी मात्र सकाळी डावीकडे आणि जेवणानंतर उजवीकडे चुकतो. काकांच्या हाताला ते सातत्य यायला पन्नास वर्षं लागली. मला ते चौतीस हजार आणि तीन वीकेंडमध्ये मिळालं. बाकी त्यांचं जे आहे, ते मात्र मिळालं नाही.

तुळई माझ्या मशीनच्या आवाक्याबाहेरची होती, दहा इंची पातं जेमतेम तीन इंच खोल कापतं. म्हणून सॉ मिलमध्ये नेऊन एक-एक इंचाच्या फळ्या चिरून आणल्या. काकांनी फ्रिजवरचं लोहचुंबक मागितलं आणि प्रत्येक फळीवरून फिरवलं. एका ठिकाणी ते टच्चकन चिकटलं. आत मोडलेला खिळा. कार्बाइडचे दात त्यावर आदळले असते तर पातं गेलं असतं, कदाचित डोळाही.

आणि मग ती फळी आली. तिच्यात आरपार एक गोल भोक होतं, भोवती लोखंडाच्या गंजाने सागवान काळं पडलेलं. बघताक्षणी कळलं. झोपाळ्याची कडी. याच कडीला टांगलेल्या झोपाळ्यावर बसून आजीने तांदूळ निवडले, बाबांना आणि आत्यांना झोपवलं, आजोबा गेले त्या रात्री ती तिथेच बसून होती असं आई सांगते.

मी ठरवलं, हे भोक देवघराच्या पाठीत राहणार. काका म्हणाले, “काप ते. फळीला भेग हाय.” खरंच होती. फळीच्या कडेतून आलेली भेग भोकाच्या दिशेने गेलेली, आणि तिचं आतलं टोक ते भोकाची कड यांच्यात जेमतेम पाच मिलिमीटर. भेग ठेवली तर दोन उन्हाळ्यांत फळी फाटणार. भेग काढायची तर काप त्या पाच मिलिमीटरांतूनच जायला हवा. त्यातले २.८ पातं खाणार. उरले २.२. दोन्ही बाजूंना जेमतेम एकेक मिलिमीटर, तोही दोन फूट लांबीवर. फळी एकच. अनडू नाही.

पहिल्या शनिवारचं मशीन असतं तर ०.८ तिथेच गेले असते, वर फेन्सच्या पट्टीवरचे आकडे एका मिलिमीटरने खोटे होते. मी आकड्यांकडे बघितलंच नाही. त्याच रुंदीची प्लायची पट्टी कापून फळीवर ठेवून बघितली. अर्धा मिलिमीटर जास्त. फेन्स सरकवली, दुसरी पट्टी कापली, ठेवली. बरोबर. काका समोर उभे होते, काही बोलले नाहीत. झाकण लावलेलं, रायव्हिंग नाइफ जागेवर, हात लांब, ढकलायला काठी. मशीन सुरू केलं आणि फळी सरकवली. घाई नाही, मध्ये थांबणं नाही. थांबलं की लाकूड जळतं.

बंद केल्यावर पातं पूर्ण थांबेपर्यंत मी वाट पाहिली. फळी उचलली. भेग खाली पडलेल्या पट्टीत गेली होती. भोक अखंड, बाजूला एक मिलिमीटर सागवान. काकांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, “जमलं.” एवढंच. मला ऑफिसच्या कुठल्या अप्रेझलने इतका आनंद दिलेला नाही.

देवघर यात्रेच्या दोन दिवस आधी उभं राहिलं. त्यात चुका आहेत. डावा दरवाजा उजव्यापेक्षा पाऊण मिलिमीटर खाली आहे आणि आतल्या खणाला एके ठिकाणी लांबी भरली आहे. कुठे ते सांगणार नाही. पाठीची फळी चिकटवलेली नाही, चौकटीच्या खाचेत सैल सोडली आहे. आपल्या खारट-दमट हवेत लाकूड पावसाळ्यात फुगणार आणि उन्हाळ्यात आकसणार, त्याला जागा हवी. हेही काकांचंच.

आजीने देव मांडायच्या आधी आतून हात फिरवला. बोट भोकापाशी थांबलं. तिने वाकून पाहिलं, मग भोकात बोटाचं टोक घालून बघितलं.

“कडी,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “बुजवू नका हां.”

आता हिशोब. मशीन ३४,०००, चांगलं पातं ३,२००, डायल गेज १,३००, क्लॅम्प ४,०००, पडवीत पंधरा अँपिअरची वेगळी वायरिंग १,८००, चष्मा-मास्क-कानाचे मफ १,२००. एकूण ४५,५००. पिंप वेगळं. मजुरी वाचली सहा हजार. म्हणजे वसूल व्हायला अशी अजून सहा-सात देवघरं करावी लागतील, आणि आमच्याकडे इतके देव नाहीत. कुणी मला विचारलं की फर्निचर स्वस्तात पडावं म्हणून टेबल सॉ घेऊ का, तर मी नको म्हणेन. सुताराला द्या काम, तो जास्त चांगलं करेल. फक्त, भेगेत आणि कडीच्या भोकात पाच मिलिमीटर अंतर असेल, तर सुतार तो भाग कापून टाकेल. त्याचं चूक नाही, त्याला कडी माहीत नसते.

गेल्या रविवारी बाबा चहा घेऊन आले. मी प्रश्नाची वाट बघत होतो. त्यांनी वही उघडली नाही. देवघराकडे बघत बसले, मग ताडपत्रीकडे मान वळवून म्हणाले,

“त्या दुसऱ्या तुळईचं काय करणार आहेस?”